कर्ता हरवलेली वाक्ये

खामगावातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकविणाऱ्या त्या गृहस्थाकडे पक्षशाखेने एक काम सोपविलेले होते. मुंबईहून येणारे ठराव, परिपत्रके आणि पुस्तिका मराठीतच असत. परंतु ते मराठी शाखेतील जिनिंग कामगारांना, बाजार समितीतील हमालांना आणि दोन-तीन कोरडवाहू शेतकऱ्यांना उमगत नसे. म्हणून त्या मराठीचे पुन्हा मराठी करावे लागे. मूळ मसुदा दिल्लीत इंग्रजीत होई, मुंबईत त्याचे भाषांतर होई आणि खामगावात त्या भाषांतराचा अनुवाद होई. हे काम तो बावीस वर्षे करीत होता. शाखेत त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत, आणि त्या संबोधनात आदर जितका होता तितकेच अंतरही होते.

जुलै २००८ मधील बैठकीत असाच एक ठराव वाचावयाचा होता. त्या महिन्याच्या ८ तारखेला चार डाव्या पक्षांनी केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारचा पाठिंबा काढून घेतल्याचे जाहीर केले होते. कारण होते भारत-अमेरिका अणुकरार. ठरावात साम्राज्यवाद होता, सार्वभौमत्व होते, स्वतंत्र परराष्ट्र धोरण होते. मास्तरांनी आपल्या परीने ते सोपे करून सांगितले. वाचन संपल्यावर एक वयस्क हमाल म्हणाला, “मास्तर, ह्या कागदात पराटीचं काय लिवलं हाय?”

पराटीचे, म्हणजे कपाशीचे, त्यात काहीच लिहिलेले नव्हते. प्रश्नात उपरोध नव्हता. ठरावाच्या एखाद्या पानावर ते असेल आणि मास्तरांनी वेळेअभावी गाळले असेल, अशी विचारणाऱ्याची प्रामाणिक समजूत होती. त्या समजुतीनेच मास्तर अधिक अस्वस्थ झाले. रात्री घरी येऊन त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. या वेळी त्यांचे लक्ष आशयावरून ढळले आणि वाक्यांवर खिळले. ‘असे ठरविण्यात आले.’ ‘तीव्र निषेध नोंदविण्यात आला.’ ‘परिस्थितीचे मूल्यमापन करण्यात आले असता असे आढळून आले.’ चार पानांत माणूस कर्ता असलेले वाक्य जवळजवळ नव्हते. वर्गात ते मुलांना शिकवीत की वाक्यात क्रिया करणारा तो कर्ता, आणि तो ओळखावयाचा असेल तर क्रियापदाला ‘कोण?’ असा प्रश्न विचारावा. पक्षाच्या वाक्यांना हा प्रश्न विचारला तर उत्तर येत नव्हते. ‘-ण्यात आले’ ही रचना मराठीत प्रशासनाच्या अंगाने रुळली. निर्णय घेणाऱ्याला निर्णयापासून दूर उभे राहण्याची सोय ती करून देते. सत्तेने ती वापरावी यात आश्चर्य नाही. इतिहास माणसे घडवितात असे मानणाऱ्या विचारपरंपरेने तीच रचना आपली बोली म्हणून स्वीकारावी, हे मात्र विचार करावयास लावणारे होते.

हा प्रश्न खामगावात पडावा, यालाही काही अर्थ आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव ही छोटीशी रेल्वे शाखा सुरू केली. जेमतेम तेरा किलोमीटरची ही लाईन प्रवाशांसाठी घातलेली नव्हती. ती गाठींसाठी होती. रेल्वेबरोबर तार आली आणि तारेबरोबर लिव्हरपूलचा भाव. त्या काळापासून खामगावच्या बाजारातील शेतकरी आपल्या बैलगाडीसमोर उभा राहून जो आकडा ऐकतो, तो समुद्रापलीकडून आलेला असतो. युद्ध संपले, अमेरिकन कापूस परतला, भाव ओसरले. ज्वारीच्या जागी कापूस लावून बसलेल्या या प्रदेशाला १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत मोजावी लागली. जागतिक भांडवलाचे अरिष्ट एखाद्या गावात कोणत्या वाटेने शिरते हे कुणाला समजावून सांगावयाचे असेल, तर जलंबच्या फाट्यावर उभे करण्याहून सोपा पाठ नाही. मास्तरांनी तरुणपणी मार्क्सवाद पत्करला तो याच कारणाने. आपल्या गावाचे कोडे उलगडणारे दुसरे कोणतेही शास्त्र त्यांना भेटले नव्हते.

कोडे उलगडण्याची गरज होती, कारण गावाची भाषाही कर्ता लपविणारीच होती. ‘भाव पडला’, ‘मंदी आली’, ‘नापिकी झाली’, ‘कर्ज अंगावर बसलं’. पाऊस पडतो तसा भाव पडतो; साथ येते तशी मंदी येते. भाव पाडणारा कुणी नाही, कर्ज बसविणारा कुणी नाही. भाषेने अर्थव्यवहाराला निसर्गाच्या खात्यात टाकले की तक्रार करावयाची ती दैवाकडे. बुलडाणा जिल्ह्याच्याच मातीतून आलेल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीचे बळ याच ठिकाणी आहे. शिकून बेकार राहिलेला आणि शेतीत अडकलेला एकनाथ ज्या घरात घुसमटतो, त्या घरात सगळ्यांना दुःखाची नावे ठाऊक आहेत. ते दुःख कोणाकडून येते याचे नाव मात्र घराच्या हाताला लागत नाही. साहित्य अकादमीने २००४ मध्ये गौरविलेल्या या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्याकडे मास्तर एका वेगळ्या दृष्टीने पाहत. तिच्यात पक्ष जवळजवळ कोठेच कामी येत नाही, ही त्यांच्या लेखी लेखकाची त्रुटी नव्हती. ती लेखकाने नोंदविलेली वस्तुस्थिती होती. वाक्यातील लुप्त कर्ता शोधून काढणे हेच डाव्या राजकारणाचे पहिले काम आहे, अशी त्यांची धारणा होती. ‘भाव पडला’ या वाक्याचे ‘भाव पाडला’ असे रूपांतर करणे, आणि मग ‘कोणी?’ असे विचारणे.

हे काम डाव्यांच्या आधी या प्रदेशात दुसऱ्याने केले, हा इतिहासाचा टोला होता. १९८० च्या दशकात शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांनी वऱ्हाडच्या सभांतून जे सांगितले, त्यात अर्थशास्त्र किती अचूक होते हा वादाचा विषय आहे. पण त्यातील वाक्यरचना निःसंदिग्ध होती. भाव पडत नाही, सरकार तो पाडते. कर्ता मिळाला, आणि माणसे लाखांनी उठून उभी राहिली. त्या वेळी डावे काय करीत होते? ही बागायतदारांची चळवळ की सगळ्या शेतकऱ्यांची, शेतमजुराचा त्यात लाभ किती, या प्रश्नांची चर्चा करीत होते. प्रश्न चुकीचे नव्हते. शेतमजुरीचा दर आणि कापसाचा भाव यांतील विरोध खराच होता. खामगावच्या शाखेत तो एकाच बाकावर शेजारी-शेजारी बसत असे. परंतु चर्चा संपेपर्यंत मैदान रिकामे झाले होते. पुढे सरकार हाच एकमेव कर्ता मानण्याची परिणती खुल्या बाजाराच्या स्वागतात झाली. १९७२ पासून चालत आलेली कापूस एकाधिकार खरेदी २००२ नंतर मोडीत निघाली, तेव्हा तिच्या साऱ्या दोषांसह ती का हवी होती हे सांगणारा आवाज बाजारात फारसा उरला नव्हता.

मास्तरांच्या वैफल्याचा उगम शोधावयाचा तर तो एखाद्या पराभवात सापडत नाही. निवडणुकीतील पराभव या भागातील डाव्यांना सवयीचा आहे. १९८९ मध्ये अमरावतीतून सुदाम देशमुख लोकसभेवर निवडून गेले, याची आठवण अजूनही उत्सवासारखी काढली जाते, ती त्याच्या दुर्मिळतेमुळेच. वैफल्य आले ते विजयाच्या काळात. १९९१ च्या जुलैमध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, देशाचे सत्तेचाळीस टन सोने परदेशात तारण पडले, आणि त्या अरिष्टाच्या धाकाने नवे आर्थिक धोरण आले. डाव्यांनी विरोध केला. पण डिसेंबर १९९२ नंतर धर्मांधतेला रोखण्याचे काम अग्रक्रमाचे ठरले, आणि ते योग्यच होते. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आले. एक पक्ष त्यात सामील झाला, दुसऱ्याने ज्योती बसूंकडे चालून आलेले पंतप्रधानपद नाकारले, आणि दोघांच्याही आधाराने चाललेल्या त्या सरकारचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी तेच धोरण पुढे नेले. २००४ मध्ये डाव्यांचे एकूणसाठ खासदार निवडून आले. मे महिन्यात निर्गुंतवणुकीविरुद्ध त्यांच्या नेत्यांनी काढलेल्या उद्गारांनी मुंबईचा शेअर बाजार हादरला. आपल्या शब्दाने दलाल स्ट्रीट कोसळतो याचे मास्तरांना त्या दिवशी अप्रूप वाटले होते. खामगावच्या कापूस बाजारावर त्या शब्दाचा तिळमात्र परिणाम का होत नाही, हा प्रश्न त्यांना चार वर्षांनी पडला.

त्याचे निमित्त कर्जमाफीचे होते. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने साठ हजार कोटींची शेती कर्जमाफी जाहीर केली. संपूर्ण माफीसाठी मर्यादा ठेवली दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची. त्यावरील शेतकऱ्याला एकरकमी परतफेड केल्यास पंचवीस टक्के सूट. पाण्याखालील पाच एकर आणि वऱ्हाडातील कोरडवाहू पाच एकर यांना एकच माप लावले गेले. पश्चिम महाराष्ट्रातील तीन एकर उसाचा धनी माफीत बसला आणि खामगाव तालुक्यातील सात एकर कपाशीचा धनी बाहेर राहिला. ज्या सहा जिल्ह्यांतील आत्महत्यांसाठी पंतप्रधानांनी जुलै २००६ मध्ये ३,७५० कोटींचे पॅकेज दिले होते त्यांत बुलडाणा होता. त्याच जिल्ह्याचे मोठे संख्याबळ या मापाने गाळले गेले. त्या वेळी सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभे होते. विदर्भातील माणूस, ए. बी. बर्धन, एका डाव्या पक्षाचा सरचिटणीस होता. टीका झाली, निवेदने निघाली. तरी सरकारचा आधार काढून घेण्याचे हत्यार उपसले गेले ते या मापासाठी नाही. ते चार महिन्यांनी उपसले गेले, अणुकरारासाठी. अणुकराराला विरोध करू नये असे मास्तरांचे म्हणणे नव्हते. सरकार पडणे-राहणे ज्यावर अवलंबून ठेवायचे तो मुद्दा कोणता, यातून पक्षाच्या मनातील जनतेचा पत्ता कळतो, एवढेच ते म्हणत. शाखेच्या बैठकीत त्यांनी ते म्हटले, आणि तेथून पुढचे प्रकरण सुरू झाले.

त्यांना आत्मटीका लिहून द्यावयास सांगण्यात आले. येथेही ‘सांगण्यात आले’ हेच क्रियापद वापरावे लागते, कारण नेमके कोणी सांगितले हे शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही. आत्मटीका हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि समीक्षेने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. त्यात निवेदक प्रथमपुरुषी असतो, पण बोलतो तृतीयपुरुषी सत्याच्या वतीने. त्याचा शेवट आधी ठरलेला असतो, फक्त तेथपर्यंतचा प्रवास लेखकाने रचावयाचा असतो. गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ (१९७४) या नाटकात डाव्या प्राध्यापकाला विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडावा लागतो. तेथे प्रश्न विचारणारे परके असतात, म्हणून उत्तरात काही एक ताठा राहू शकतो. येथे प्रश्न विचारणारे आपलेच, आणि प्रश्नातील शब्दही आपणच वर्षानुवर्षे सोपे करून दिलेले. मास्तर आठ दिवस कागद घेऊन बसले. ‘मध्यमवर्गीय डळमळीतपणा’ हे शब्द लिहिले की पुढचे सगळे आपोआप येईल हे त्यांना ठाऊक होते. लेखणी अडली ती त्या ‘आपोआप’ पाशी.

दरम्यान सप्टेंबरच्या १५ तारखेला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. पक्षाच्या नियतकालिकांतून ‘अरिष्ट’ हा शब्द पुन्हा ठळक टंकात झळकू लागला. भांडवलशाहीचे अरिष्ट अधिकाधिक तीव्र होत जाईल, हे वाक्य मास्तरांनी निदान वीस वेळा अनुवादिले असेल. हा शब्दच मोठा विलक्षण आहे. आयुर्वेदात अरिष्ट म्हणजे मृत्यूची निश्चित सूचना देणारे लक्षण, आणि अरिष्ट म्हणजेच आंबवून केलेले औषध, द्राक्षारिष्ट, दशमूलारिष्ट. पक्षाने पहिला अर्थ घेतला आणि रोगी मरण्याची वाट पाहिली. रोगी दर वेळी दुसऱ्या अर्थाचे अरिष्ट पिऊन उठून बसला.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्ये वर्तुळात मांडतात, मध्ये पाण्याची घागर, तिच्यावर पदार्थ आणि पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील बदल पाहून पाऊस-पाण्याचे, पिकांचे भाकीत केले जाते; पानविड्यावरून राजाचे, करंजीवरून देशाच्या तिजोरीचे. तरुणपणी मास्तरांनी या प्रथेविरुद्ध पत्रक काढले होते. त्या पत्रकातील एकही शब्द त्यांना आजही मागे घ्यावासा वाटत नाही. मात्र २००८ च्या शरदात, अरिष्टावरील पुस्तिका हाताळताना, दोन्हीकडील क्रियापदे सारखीच भविष्यकाळी आणि सारखीच कर्तृहीन आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. फरक होता तो श्रोत्यांत. भेंडवळचे भाकीत ऐकून शेतकरी घरी जातो आणि बियाण्याचा विचार करू लागतो. पक्षाचे भाकीत ऐकून शाखेतील माणूस घरी जातो आणि झोपतो.

त्या हंगामात जगातील कापसाचे भाव कोसळले. खामगावात मात्र हाहाकार माजला नाही, आणि हीच मास्तरांच्या दृष्टीने सर्वांत बोचरी गोष्ट होती. केंद्राने हमीभाव लांब धाग्यासाठी २,०३० वरून ३,००० रुपये आणि मध्यम धाग्यासाठी १,८०० वरून २,५०० रुपये केला होता. व्यापारी त्या भावाने घेईनात. भारतीय कापूस महामंडळ आणि पणन महासंघ यांच्या केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. सरकारी खरेदीने शेतकरी वाचतो, हे डावे तीस वर्षे सांगत आले होते. ते खरे ठरले, पण डाव्यांनी पाठिंबा काढलेल्या सरकारच्या हातून, आणि निवडणूक सहा महिन्यांवर असताना. रांगेतील कुणाला त्यात डाव्यांचे काही दिसले नाही, आणि दिसावे असे काही केलेलेही नव्हते. २००९ च्या मे महिन्यात एकूणसाठांचे चोवीस झाले.

आत्मटीकेच्या कागदाऐवजी मास्तरांनी नोव्हेंबरात एक पत्रक लिहिले. शाखेची परवानगी त्यांनी घेतली नाही. पत्रकात ‘अरिष्ट’ हा शब्द नव्हता. अमेरिकेतील बँकांनी न फिटणारी घरकर्जे दिली, ती कर्जे बांधून दुसऱ्यांना विकली, विकत घेणारे बुडाले, कापड घेणारी माणसे दुकानात येईनाशी झाली, गिरण्यांनी सूत घेणे थांबविले, व्यापाऱ्यांनी तुमची गाडी परत पाठविली. प्रत्येक वाक्याला कर्ता होता. पुढे जलंबची लाईन होती, १८७० चे साल होते, आणि पाच एकरांचे माप कोणी ठरविले, त्या वेळी त्या सरकारला आधार कोणी दिला होता, हेही होते. शेवटच्या वाक्यातील कर्ता होता ‘आम्ही’.

बाजार समितीच्या आवारात, गाड्यांच्या रांगेशेजारी, त्यांनी ते वाचून दाखविले. आठ-दहा माणसांनी शेवटपर्यंत ऐकले. तो वयस्क हमालही होता. तो म्हणाला, “मास्तर, आज समजलं. पन मंग आता आपन काय कराचं?”

मास्तरांकडे उत्तर नव्हते. भाषेची शुद्धी झाली, कर्ता सापडला, वाक्य उभे राहिले. पण ‘काय करायचे’ हा प्रश्न एकट्या माणसाने सोडविण्याचा नव्हता. त्यासाठी बैठक लागते, वर्गणी लागते, दुसऱ्या तालुक्यातील कुणाला तरी रात्री निरोप पाठवावा लागतो, मतभेद झाले तरी दुसऱ्या दिवशी एकत्र उभे राहावे लागते. म्हणजे पक्षच लागतो. ज्या पक्षाच्या वाक्यांनी त्यांना उबग आणला होता, तोच त्या प्रश्नाच्या उत्तराची एकमेव जागा होता, आणि त्या जागी उत्तर नव्हते. समीक्षकाला या ठिकाणी थांबता येते. कृतीचा प्रश्न आपल्या शास्त्राच्या बाहेरचा आहे असे म्हणता येते. आवारात उभ्या असलेल्या मास्तरांना ती सोय नव्हती. “बैठकीत बोलू,” एवढेच ते म्हणाले, आणि हे आपण कोणत्या बैठकीविषयी बोलतो आहोत हे त्यांचे त्यांनाही स्पष्ट नव्हते.

आत्मटीका त्यांनी अखेर दिली. ती चार ओळींची होती आणि तिच्यात एकाच चुकीची कबुली होती : इतकी वर्षे कठीण वाक्ये सोपी करून सांगताना, ती वाक्ये कोण लिहितो हे आपण विचारले नाही. पुढच्या मार्चमध्ये सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा अर्ज आला. तो त्यांनी पंधरा दिवस टेबलावर ठेवला, मग भरला, आणि बैठकीला जाताना खिशात घातला. अजेंड्यावर सरकीच्या भावाचा विषय घ्यावा, असे त्यांनी सुचविले. इतिवृत्तात त्या दिवशीच्या दोन नोंदी आहेत. सदर विषय पुढील बैठकीसाठी ठेवण्यात आला. सर्व सभासदांचे नूतनीकरण करण्यात आले.